व्हिडिओ बनवणं सोपं, तो खरा ठेवणं हाच धंदा



ऑनलाइन कोर्सवरची आपली मालिका सुरू झाल्यापासून एकच प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. "सर, कोर्स काढायचाय. ॲप कुठलं घेऊ? कॅमेरा कुठला घेऊ? फी किती ठेवू?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका दुपारी मिळतात. चौथा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. "सर, आज मी जे शिकवतोय ते दोन वर्षांनी चुकीचं ठरलं, तर ते मला कळणार कसं?"

या आठवड्याच्या व्हिडिओत मी याच चौथ्या प्रश्नावर बोललोय. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितो. त्यासाठी मुद्दाम सगळ्यात अवघड उदाहरण घेतलंय: इमर्जन्सी विभागात, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'कॅज्युअल्टी'त काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि नर्सना ऑनलाइन शिकवणारा प्लॅटफॉर्म. तो चालवायचा कसा आणि त्याचा दर्जा सांभाळायचा कसा, हे एकदा समजलं की शिवणकामापासून टॅलीपर्यंत कुठलाही कोर्स तुम्ही जास्त शहाणपणाने चालवाल.

हेच उदाहरण का?

या ग्राहकाचा विचार करा. रात्रीचे तीन वाजलेत. तालुक्याच्या हॉस्पिटलमध्ये एकच डॉक्टर ड्युटीवर आहे. समोर अपघातातला पेशंट, बाहेर नातेवाईक. सीनियरचा फोन लागत नाही. अशा वेळी तो डॉक्टर पुस्तक उघडत नाही. डोक्यात जे पक्कं बसलंय तेच हात करतात, आणि त्यातलं काही तुमच्या व्हिडिओतून बसलेलं असू शकतं.

साधं उदाहरण बघा. ॲड्रेनलिन हे तातडीच्या उपचारातलं नेहमीचं इंजेक्शन. जीवघेणी ॲलर्जी उठली, तर मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत देतात. हृदय बंद पडलं असेल, तर एक मिलिग्रॅम शिरेतून देतात. औषध एकच, पण डोस वेगळा, मार्ग वेगळा. त्यात या औषधाची तीव्रता पूर्वापार १:१००० आणि १:१०,००० अशी लिहायची पद्धत. दोन्हींत फरक फक्त एका शून्याचा. हे शून्य वाचण्यात घोटाळे होतात म्हणून अमेरिकेत २०१६ पासून इंजेक्शनच्या लेबलवर असं गुणोत्तर लिहिणं बंद केलं आणि थेट मिलिग्रॅम लिहायला लावलं. आता तुमच्या स्लाइडवर टायपिंग करणाऱ्या मुलाने एक शून्य कमी टाकलं, तर? पाककृतीच्या व्हिडिओत असं झालं तर भाजी खारट होईल. इथे माणूस जाईल.

म्हणून या धंद्यात 'दर्जा तपासणी' हा मागून जोडायचा विभाग नसतो. ग्राहक पैसे त्याचेच देतो.

ज्ञानालाही एक्स्पायरी असते

किराणा दुकानदार महिन्यातून एकदा शेल्फ बघतो, तारीख उलटलेला बिस्किटाचा पुडा काढून टाकतो. ऑनलाइन कोर्सवाले मात्र २०१८ चा व्हिडिओ २०२५ मध्ये 'आजच जॉइन करा' म्हणून विकतात. तातडीच्या वैद्यकात हे का चालत नाही, याची तीन खरी उदाहरणं बघा.

पहिलं, छाती दाबून हृदय सुरू ठेवण्याचं, म्हणजे सीपीआरचं. पूर्वी क्रम असा शिकवत: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती दाबणं. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने क्रम बदलला आणि छाती दाबणं पहिलं आणलं. तेव्हा वेग सांगितला होता 'मिनिटाला किमान १००'. २०१५ मध्ये त्यालाही वरची मर्यादा आली: मिनिटाला १०० ते १२०. खोलीही ठरली: मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे, पण ६ च्या पुढे नको. म्हणजे २०१२ मध्ये अगदी बरोबर असलेला धडा २०१५ नंतर अपुरा ठरला. बनवणाऱ्याने काहीच चूक केली नव्हती. काळ पुढे गेला, धडा तिथेच राहिला.

दुसरं, ऑक्सिजनचं. हार्ट ॲटॅकचा संशय आला की ऑक्सिजन लावायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या ६,६२९ पेशंटांच्या अभ्यासाचा निकाल आला. ज्यांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण मुळात ठीक होतं, त्यांना सरसकट ऑक्सिजन दिल्याने वर्षभरातले मृत्यू कमी झाले नाहीत. इतकी वर्षं कुणी शंकाही न घेतलेली ओळ बदलावी लागली.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं स्वस्त औषध. २०१० मध्ये 'क्रॅश-२' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: ४० देश, वीस हजारांहून जास्त अपघातग्रस्त पेशंट. औषधाने मृत्यू कमी झाले. पुढच्या वर्षी त्याच अभ्यासाच्या बारकाईने केलेल्या हिशोबातून कळलं की औषध जखमेनंतर तीन तासांच्या आत दिलं तरच फायदा. उशिरा दिलं तर नुकसान होऊ शकतं. मग साहजिकच वाटलं की पोटातल्या, आतड्यातल्या रक्तस्रावातही हे चालेल. २०२० मध्ये 'हॉल्ट-इट' अभ्यास आला, १२,००९ पेशंटांचा. तिथे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं.

आता विचार करा. 'रक्तस्राव थांबवणारं औषध' असा एक छान, लोकप्रिय धडा तुमच्या प्लॅटफॉर्मवर आहे. हजारो व्ह्यूज, पाच स्टार. २०११ मध्ये त्यात तीन तासांची अट घालावी लागली आणि २०२० मध्ये पोटातल्या रक्तस्रावाचा भाग बदलावा लागला. हे काम कुणाचं होतं? तारीख कुणाच्या कॅलेंडरमध्ये होती? याचं उत्तर तुमच्याकडे एका माणसाच्या नावासकट नसेल, तर तुमच्याकडे व्हिडिओंचा ढीग आहे, प्लॅटफॉर्म नाही.

जगात हे कसं करतात?

या क्षेत्रात ऑनलाइन शिक्षणाची चळवळ डॉक्टरांनीच सुरू केली. ऑस्ट्रेलियातले इमर्जन्सी डॉक्टर माइक कॅडोगन आणि ख्रिस निक्सन यांनी 'लाइफ इन द फास्ट लेन' ही साइट उभी केली. तिथला ईसीजीचा संग्रह आज जगभरचे डॉक्टर वापरतात. २०१२ मध्ये डब्लिनला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निमित्ताने कॅडोगन यांनी अशा सगळ्या फुकट, खुल्या वैद्यकीय शिक्षणाला 'फोम' हे नाव दिलं. लाट आली. पण लाटेबरोबर एक प्रश्नही आला: कुणीही उठून लिहितंय, त्यातलं खरं कुठलं?

या प्रश्नाला लोकांनी दिलेली उत्तरं आपल्यासाठी सोन्यासारखी आहेत.

अमेरिकेत डॉ. मिशेल लिन यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'एलिएम' या संस्थेने गुणपत्रिका बनवली. इंटरनेटवरचा एखादा लेख किंवा पॉडकास्ट अनुभवी शिक्षक-डॉक्टरांची समिती पाच कसोट्यांवर तपासते. याने कामात किती फरक पडेल? मजकूर अचूक आहे का? शिकवायला उपयोगी आहे का? पुराव्यावर उभा आहे का? संदर्भ दिलेत का? प्रत्येक कसोटीला सातपैकी गुण, एकूण ३५. तीस किंवा त्याहून जास्त मिळाले तर शिक्का मिळतो. विशेष म्हणजे त्यांनी सगळं साहित्य स्वतः बनवलं नाही. दुसऱ्यांचं साहित्य विश्वासाने निवडून देणं हीसुद्धा सेवा आहे, हे ओळखलं. भांडवल कमी असणाऱ्याने हा मुद्दा वहीत लिहून ठेवावा.

कॅनडात 'कॅनडीईएम' या गटाने तपासणीची पद्धतच बदलली. वैद्यकीय मासिकांत तपासणारा बहुतेक वेळा निनावी असतो, तो लाल शेरे मारतो आणि निघून जातो. इथे तपासणारा तज्ज्ञ स्वतःच्या नावानिशी समोर येतो, नवख्या लेखकाला शिकवत शिकवत लेख सुधारून घेतो. या पद्धतीवर त्यांनी २०१७ मध्ये शोधनिबंधही प्रसिद्ध केला. यात दोन फायदे झाले: लेख सुधारला आणि पुढचा लेखक तयार झाला.

ब्रिटनमध्ये इमर्जन्सी डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजचाच 'आरसीईएमलर्निंग' हा प्लॅटफॉर्म आहे. धडे, प्रश्नसंच, केसेस, पॉडकास्ट असं सगळं तिथे आहे. त्याची ताकद कॉलेजच्या नावात आहे. आणि अमेरिकेतल्या 'ईएम:रॅप'ने दाखवून दिलं की तातडीच्या वैद्यकाचं ऑडिओ शिक्षण वर्गणी घेऊनही चालतं. ऐकायला मजा येईल असं बनवलं, तर दमलेला डॉक्टरही गाडीत ऐकतो.

म्हणजे जागा चार आहेत: खुला संग्रह, शिक्का देणारा निवडक, संस्थेचा अधिकृत प्लॅटफॉर्म आणि वर्गणीचा कार्यक्रम. तुम्ही यांपैकी कुठे बसणार, हे आधी ठरवा. ॲप नंतर.

धडा प्रसिद्ध करण्याआधी चार जणांच्या हाताखालून

आता कामाचं बोलू. तुम्ही स्वतः डॉक्टर नसाल, तरी या धंद्यात तुम्हाला जागा आहे. ती पद्धत बसवणाऱ्याची. पण एक लक्ष्मणरेषा पहिल्या दिवशी आखा: वैद्यकीय मजकुरातला एकही आकडा डॉक्टरशिवाय कुणी बदलायचा नाही. 'स्लाइडवर मावत नव्हतं म्हणून जरा छोटं केलं' हे वाक्य तुमच्या ऑफिसात ऐकू येता कामा नये.

धडा चार जणांच्या हाताखालून जाऊ दे.

पहिला, लेखक. इमर्जन्सी विभागात सध्या काम करणारा डॉक्टर. प्रत्येक मोठ्या विधानाशेजारी त्याने लिहायचं की हे कुठल्या मार्गदर्शक तत्त्वांवरून किंवा अभ्यासावरून घेतलं आणि ते कुठल्या वर्षीचं आहे.

दुसरा, तपासणारा. लेखकाच्या हाताखाली काम करणारा ज्युनियर नको. आपल्याकडे ज्युनियर सरांची चूक सरांना सांगत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. दुसऱ्या हॉस्पिटलमधला, बरोबरीचा किंवा वरचा माणूस घ्या. त्याचं नाव धड्याखाली छापा. नाव छापलं जाणार म्हटल्यावर माणूस नीट वाचतो.

तिसरा, आकडे तपासणारा. सगळ्यात कमी ग्लॅमरचं आणि सगळ्यात गरजेचं काम. तो फक्त डोस, एकक, वय, वजन, वेळ एवढंच बघतो. मूळ कागद एका हातात, अंतिम व्हिडिओ दुसऱ्या हातात. स्लाइडवर, बोलण्यात आणि खालच्या मजकुरात तिन्ही ठिकाणी आकडा एकच आहे ना? औषधांच्या तपासणीला हॉस्पिटलमधला अनुभवी फार्मासिस्ट मिळाला तर उत्तमच.

चौथा, शिकणाऱ्यांपैकी एक. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर किंवा कॅज्युअल्टीतल्या सिस्टर. त्यांना एवढंच विचारायचं: "हा धडा बघून उद्या तुम्ही काय करणार?" त्यांचं उत्तर लेखकाच्या मनातल्या उत्तराशी जुळलं नाही, तर धडा परत लेखकाकडे. बरोबर लिहिलेलं वाक्यसुद्धा चुकीचं समजू शकतं.

प्रसिद्ध केल्यानंतर: रजिस्टर, रंग आणि लाल बटण

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलची एक शीट पुरते. आठ रकाने करा: धड्याचं नाव, लेखक, तपासणारा, प्रसिद्धीची तारीख, कशाच्या आधाराने, पुढच्या तपासणीची तारीख, काय बदल केले आणि लेखकाचे कुठल्या कंपनीशी आर्थिक संबंध आहेत का.

मग धड्यांना रंग द्या. ज्यात डोस आहे, इंजेक्शन आहे, हाताने करायची प्रक्रिया आहे, ते लाल. दर वर्षी तपासा. ज्यात निदान आणि निर्णय आहेत ते पिवळे, दोन वर्षांनी. शरीररचना, इतिहास, संवाद अशा हळू बदलणाऱ्या गोष्टी हिरव्या, तीन वर्षांनी. हे कालावधी माझी सूचना आहे, तुमची डॉक्टर मंडळी ते कमी-जास्त करतील. पण नवीन मार्गदर्शक तत्त्वं आली, तर रंग कुठलाही असो, तारखेची वाट बघायची नाही.

तपासणीची तारीख उलटली आणि कुणी बघितलंच नाही, तर? धडा आपोआप खाली उतरला पाहिजे. तुम्हाला वाटेल, ग्राहक चिडेल. चिडू दे. 'तपासणी चालू आहे' अशी पाटी बघून ग्राहक एकदा कुरकुरतो आणि मनात मात्र नोंद करतो की ही माणसं तपासतात.

प्रत्येक धड्याखाली एक लाल बटण ठेवा: 'इथे काहीतरी चुकलंय'. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार असतो, तसंच हे. तक्रार डोसबद्दल असेल तर आधी धडा बंद, मग चर्चा. धडा बंद करायचा अधिकार एका ठरलेल्या माणसाला द्या आणि त्यासाठी त्याला तुमची परवानगी लागता कामा नये. तुम्ही लग्नात असाल, विमानात असाल, फोन बंद असेल. चुकीचा डोस तुमची वाट बघत थांबत नाही.

चूक खरी निघाली, तर गुपचूप दुरुस्ती करू नका. ज्यांनी तो धडा बघितला, त्या सगळ्यांना मेसेज गेला पाहिजे: अमुक मिनिटाला अमुक आकडा चुकीचा होता, बरोबर आकडा हा. कोण काय बघून गेलं याची नोंद लर्निंग सॉफ्टवेअरमध्ये असतेच. मूडल हे २००२ पासूनचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यातही ती मिळते. बहुतेक लोक ती नोंद फक्त मार्केटिंगला वापरतात. तिचा पहिला उपयोग हा आहे.

प्रश्नसंचाचीही परीक्षा घ्या

परीक्षेच्या तयारीमुळे या प्लॅटफॉर्मवर सगळ्यात जास्त चालतात ते बहुपर्यायी प्रश्न. पण प्रश्न वाईट असला तर तो चुकीचं शिकवतो.

सोपी युक्ती सांगतो. शंभर जणांनी परीक्षा दिली की एकूण गुणांप्रमाणे रांग लावा. वरचे २७ आणि खालचे २७ वेगळे काढा. एखादा प्रश्न वरच्यांपैकी किती जणांना आला आणि खालच्यांपैकी किती जणांना, हे बघा. चांगल्या प्रश्नात वरचे जास्त बरोबर असतात. दोघे सारखेच बरोबर असतील, तर प्रश्न हुशार आणि कच्चा यांत फरक करत नाही. आणि वरचे चुकतायत, खालचे बरोबर येतायत, असं दिसलं तर बहुतेक वेळा तुमची उत्तरसूचीच चुकलेली असते. हुशार पोरं जगाशी बरोबर आहेत आणि तुमच्याशी चूक. असा प्रश्न त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.

आणि 'फीडबॅक छान आला' यावर खूश होऊ नका. प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांवर करायची पद्धत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ च्या सुमारास मांडली: आवडलं का, शिकला का, कामात वापरलं का आणि त्याने परिणाम बदलला का. पाच स्टार ही फक्त पहिली पायरी आहे. दुसरीसाठी परीक्षा घ्या. तिसरीसाठी तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांना फोन करून विचारा की प्रत्यक्ष काय बदललं. चौथी मोजायला हॉस्पिटलची साथ लागते, ती मिळाली तर तुमचं नशीब.

एक गोष्ट मात्र विकायची नाही. सीपीआर, नळी टाकणं, शिवण घालणं ही कामं हाताने पुतळ्यावर करूनच येतात आणि सराव नसला तर काही महिन्यांत विसरतात. तुमचा व्हिडिओ ही तयारी आहे. जाहिरातीत 'घरबसल्या तज्ज्ञ व्हा' लिहिलंत, तर तिथेच विश्वास संपला.

आता हिशोब

"सर, एवढं सगळं करायला पैसे कुठून आणायचे?" चला, मांडू. हे आकडे कल्पनेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा ६० धडे आहेत आणि सरासरीने प्रत्येक धडा दोन वर्षांतून एकदा तपासायचा. म्हणजे वर्षाला ३० धडे. एका धड्यामागे लेखकाचे दोन तास आणि तपासणाऱ्या डॉक्टरचा एक तास, मिळून तीन. वर्षाचे ९० तास. तासाला २,००० रुपये मानधन धरलं, तर १,८०,००० रुपये. व्हिडिओतले बदल करायला तुमच्या माणसाचे प्रत्येकी दोन तास, म्हणजे ६० तास. ३०० रुपयांनी १८,००० रुपये. एकूण १,९८,०००.

सभासद ६०० असतील, तर प्रत्येकामागे वर्षाला ३३० रुपये. एकही नवीन धडा न बनवता, फक्त जुने खरे ठेवायला! हा खर्च फीमध्ये पहिल्या दिवसापासून धरला नसेल, तर दुसऱ्या वर्षी तपासणी बंद पडते, कारण नवीन धड्यांना टाळ्या मिळतात आणि जुन्यांच्या तपासणीला कुणी विचारत नाही. 'लाइफटाइम ॲक्सेस ९९९ रुपये' अशी ऑफर देणाऱ्यांनी हा हिशोब दोनदा वाचावा. फी एकदाच येते, तपासणी मात्र आयुष्यभर करावी लागते. म्हणून अशा विषयात वार्षिक वर्गणीच ठेवा.

दुसरा धडा याच हिशोबातून निघतो: ६० धड्यांऐवजी २० ठेवा. खर्च एक तृतीयांश होतो. 'आमच्याकडे ५०० व्हिडिओ' म्हणणाऱ्याशी स्पर्धा करू नका. 'आमच्याकडे २० आहेत आणि प्रत्येकावर शेवटच्या तपासणीची तारीख छापलेली आहे' हे वाक्य डॉक्टरला जास्त पटतं.

तीन ठिकाणी पाय घसरतो

पहिलं, औषध कंपनीचा पैसा. तो येणारच, कारण तुमचा ग्राहक डॉक्टर आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांच्या विपणनासाठी एकसमान आचारसंहिता जाहीर केली, तिच्यात डॉक्टरांच्या शिक्षण कार्यक्रमांना मदत करण्याबद्दलही नियम आहेत. ती वाचल्याशिवाय सही करू नका. आणि तुमचा स्वतःचा नियम असा ठेवा: पैसे देणाऱ्याला विषय, लेखक किंवा एकही ओळ ठरवता येणार नाही, आणि पैसे घेतलेत हे धड्याच्या सुरुवातीलाच दिसेल.

दुसरं, प्रमाणपत्र. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंदणीचं नूतनीकरण करायला डॉक्टरला पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण लागतात. त्यामुळे पहिला फोन हाच येईल: "पॉइंट मिळतात का?" तुमच्या वेबसाइटवरून छापलेलं सर्टिफिकेट आणि परिषदेचे गुण या वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता परिषदेकडून रीतसर घ्यावी लागते. ती हातात येईपर्यंत जाहिरातीत 'क्रेडिट' हा शब्द वापरू नका.

तिसरं, पेशंटची ओळख. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव असतं, ईसीजीच्या पट्टीवर नाव आणि वेळ असते, फोटोत गोंदण दिसतं. लेखी संमती हवी, आणि संमती असली तरी ओळख पुसलेलीच हवी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे. शिकणाऱ्यांच्या माहितीलाही तो लागू होतो. एक तास वकिलाची फी द्या, सुखाने झोपा.

तुमचा विषय वेगळा असला तरी

तुमच्यापैकी बहुतेक जण डॉक्टरांचा प्लॅटफॉर्म काढणार नाहीत, मला माहीत आहे. पण भारतात इमर्जन्सी मेडिसिन ही स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली ती २००९ मध्ये, म्हणजे हे क्षेत्र अजून तरुण आहे. कुणाच्या घरात डॉक्टर असेल, तर दोघांनी मिळून विचार जरूर करा.

बाकीच्यांनी स्वतःकडे बघा. तुम्ही जीएसटीचा कोर्स विकता? २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांचे टप्पे बदलले. त्याआधीचा तुमचा व्हिडिओ अजून चालू असेल, तर एखादा दुकानदार त्यावर विसंबून चुकीचं बिल फाडत असेल. तुम्ही शेतकऱ्यांना फवारणी शिकवता? एखाद्या औषधावर बंदी आली, तर तुमच्या धड्यातून ते कधी जातं? ब्यूटी पार्लरचा कोर्स आहे? केमिकल किती मिनिटं ठेवायचं हा आकडा कुणी दुसऱ्याने तपासलाय का? जीव जाणार नसेल, पण कुणाचा पैसा जाईल, कुणाचं पीक जाईल, कुणाची कातडी भाजेल.

आज रात्री एवढंच करा. तुमचा सगळ्यात जास्त बघितला जाणारा धडा काढा. त्यातला प्रत्येक आकडा कागदावर उतरवा. समोर लिहा, हा कुठून आला आणि शेवटचा कधी तपासला. जिथे उत्तर सापडणार नाही, तिथे लाल खूण करा. किती लाल खुणा निघाल्या ते व्हिडिओखाली प्रामाणिकपणे लिहा. आठ रकान्यांची शीट तिथेच दिली आहे, फुकट आहे, घेऊन जा.

पुढच्या भागात वार्षिक वर्गणीची किंमत कशी ठरवायची, ते बघू. तोपर्यंत नवीन व्हिडिओ शूट करू नका. आधी जुना तपासा.